दुपारी येणारा आवाज

आमच्या घरात मोठ्याने बोलायची चोरी होती. परळच्या चाळीतली एक खोली, पुढे सगळ्यांची मिळून एक गॅलरी, आणि खोलीत दिवसाउजेडी कोणीतरी झोपलेलं. कोणीतरी म्हणजे बाबा. ते गिरणीत साचेखात्यात होते. कापड विणायच्या मागाला गिरणगावात साचा म्हणत. त्यांनी तिसरी पाळी जवळजवळ कायमची मागून घेतली होती. सकाळी सातला रिकामा डबा हलवत ते घरी येत, तेव्हा भुवयांत आणि कानांच्या पाळ्यांवर कापूस चिकटलेला असे. आंघोळ करून चहात तांदळाची भाकरी बुडवून खात आणि भिंतीकडे तोंड करून आडवे होत. तिथून दुपारी चारपर्यंत आमचं घर पाय न वाजवता चालायचं. आई भांडी बादलीच्या पाण्यात बुडवून घासायची, म्हणजे एकमेकांवर आपटून वाजू नयेत. मिरी कुटायची झाली की खलबत्ता उचलून गॅलरीच्या पार टोकाला जायची. बोंबील भाजण्याचा वास चालत होता, फोडणीचा चर्र आवाज चालत नव्हता, म्हणून आमटीला फोडणी संध्याकाळी पडायची. मी शाळेतून येऊन दप्तर टाकणार तोच आईचं बोट ओठांवर जायचं आणि कुजबुज यायची, "हळू रे, बाबा निजलेत." इतकी वर्षं झाली, आईची कितीतरी वाक्यं विसरलो, पण हे तिच्या आवाजात जसंच्या तसं राहिलं आहे.

गप्प राहायचं तर बोलायचं कसं? हातांनी. ही भाषा बाबांनीच खात्यातून घरी आणलेली. शेकडो साचे एकदम चालू असले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून तिथल्या माणसांनी आपापल्या खुणा ठरवून घेतल्या होत्या. मूठ डावीकडून उजवीकडे सरकवली, आडवा धागा नेणारा धोटा पळतो तशी, की साचा चालू. पालथा तळहात हवेतच हळू खाली दाबला की साचा बंद. कपाळाला दोन बोटं लावली, ताप बघतात तशी, की साचा आजारी आहे, येऊन बघ. आई तर त्या भाषेत बाबांच्याही पुढे गेली होती. गॅलरीतून खाली उभ्या कोळणीशी ती बांगड्यांचा पूर्ण सौदा तोंडातून शब्द न काढता करायची आणि कोळीण वरती बघून कपाळावर हात मारायची.

कपाळाला दोन बोटं ही खूण खात्यात सगळ्यात जास्त बाबांसाठीच व्हायची. त्या गोंगाटात कुठल्या साच्याचं काय दुखतं ते बाबांना कानाने कळे. जॉबर, म्हणजे त्यांच्या ओळीवरचा मुकादम, त्यांना बोलावून आणायचा. बाबा साच्याजवळ उभे राहायचे, डोळे मिटायचे, आणि "धोटो डाव्या बाजूक लागता" असं बोटाने दाखवायचे. खोलून बघितलं की नेमकं तिथेच निघायचं. खात्यात त्यांना डॉक्टर म्हणत. घरी यायचे ते मित्रसुद्धा "डॉक्टर आहेत काय?" असंच विचारत, आणि आमच्या मजल्यावर नवी आलेली एक सून खरंच पोर घेऊन औषधाला आली होती. बाबांनी पोराची छाती कानाने ऐकून "कफ आसा" म्हणून सांगितलंही. कफ होताच.

गिरणी बंद कशी झाली ते मी इथे सांगत बसत नाही. ज्यांच्या घरी झालं त्यांना ठाऊक आहे. आमच्यापुरतं एवढंच की बाबा घरी बसले आणि आई बाहेर पडली. परळमध्ये इस्पितळांना तोटा नाही, त्यातल्या एकात तिला आयाचं काम मिळालं. सकाळी आठला जाऊन ती साडेचारला यायची. मी कॉलेजात. बाबा खोलीत एकटे. पाळी गेली तरी त्यांची झोप काही ठिकाणावर आली नाही. दिवसा ते पूर्वीसारखे भिंतीकडे तोंड करून पडायचे, आणि आम्ही पूर्वीसारखेच कुजबुजायचो. कधी विचारलंच नाही की बाबा, तुम्हाला आवाज चालेल का. बोलणंच कमी झालं होतं. ते चिडके झाले होते, मी अठरा-एकोणीसचा, म्हणजे मीही काही कमी शहाणा नव्हतो. जेवताना "मीठ दे" आणि "कालवण वाढ" एवढ्यावर बाप-लेकाचा संसार चालला होता.

अशात घरात कंप्युटर आला. माझा वर्गमित्र अभय गिरगावात राहायचा. त्याच्या वडिलांच्या ऑफिसने जुनी यंत्रं मोडीत काढली, त्यातलं एक त्याने माझ्यासाठी मागून घेतलं आणि आम्ही दोघांनी ते टॅक्सीत मांडीवर घेऊन आणलं. अभय तत्त्वाचा माणूस. फुकट सॉफ्टवेअर सगळेच वापरत होते, पण ते चोरीचं. अभयला चोरीचं चालत नव्हतं, म्हणून त्याने यंत्र चालवायला लिनक्स नावाची, सगळ्यांना मोकळी असलेली प्रणाली घातली. "हे बघ," तो मला समजावायचा, "लिनक्स आपलं आहे. उघडून बघता येतं. बिघडलं तर आपण दुरुस्त करू शकतो." बिघडलं तर, असं तो म्हणाला होता. प्रत्यक्षात ते आमच्याकडे बिघडलेलंच आलं. चित्र दिसे, अक्षरं उमटत, फक्त आवाज नव्हता. साऊंड कार्ड होतं, पण त्याच्यावरचं नाव घासून गेलेलं, कुठल्या जातीचं ते कळेना. आणि जात कळल्याशिवाय त्याचा ड्रायव्हर कुठला घालायचा तेही कळेना. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि कार्ड यांच्या मधला दुभाषा. तो नसला की कार्ड आपल्या जागी आणि यंत्र आपल्या जागी, दोघं शेजारी असून अबोला. आमच्या घराला हे नवीन नव्हतं.

मला गाणी ऐकायची होती, दुसरं काही नाही. मोठमोठी कारणं नंतर चिकटवता येतात. लालबागला एका सायबर कॅफेत अर्धा तास बसून मी लोकांची प्रश्नोत्तरं वहीत उतरवून आणायचो, ड्रायव्हरची फाईल फ्लॉपीवर घ्यायचो, आणि घरी येईतो निम्म्या वेळा फ्लॉपी मेलेली असायची. मग पुन्हा लालबाग. वाचली तर तो ड्रायव्हर आमच्या यंत्रावर बांधून, म्हणजे त्याला चालेल अशा रूपात तयार करून, घ्यायचा. ते बांधकाम त्या म्हाताऱ्या यंत्राला चार-पाच तास पुरायचं. पडद्यावरून ओळीमागून ओळी वर सरकत राहायच्या. मी सकाळी सहाला ते सुरू करून कॉलेजला जायचो, आणि संपलं की पुढच्या दोन आज्ञा टाकायला घरी कोणीच नसायचं. म्हणजे बाबा होते. पण बाबा माझ्या हिशेबात नव्हते.

एक दिवस मी चपला घालत असताना तेच म्हणाले, "ह्या थांबला मगे काय करूचा असता?"

मी चकित होऊन बघितलं. ते पडद्यासमोर उभे होते, हात मागे बांधून, साच्यासमोर उभं राहावं तसे.

"दोन ओळी टाइप करायच्या असतात, बाबा. आणि आवाज येतो का बघायचं."

"कसलो आवाज?"

"सूं-सूं असा. नळ सोडल्यासारखा, एकसारखा. गाणं नाही, नुसती तपासणी. तो आला म्हणजे सगळं ठीक."

"लिहून ठेव," ते म्हणाले. "ऐकूचा काम माजा."

मी वहीत दोन ओळी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवल्या. कॉलेजात दिवसभर माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी येऊन वही उघडली तर माझ्या अक्षराखाली पेन्सिलीने त्यांचं अक्षर होतं, पाळी संपताना जॉबरला द्यायच्या निरोपासारखं: "बारा-वीस. आवाज इलो. बारीक. एकसारखो." मला इतका आनंद झाला की मी आईला उचलायलाच गेलो. मग मी त्या दोन ओळी स्वतः टाकल्या, आणि स्पीकरमधून काही आलं नाही. पुन्हा टाकल्या. काही नाही. बाबा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दुपारी इल्लो."

यंत्र दुरुस्त करणाऱ्या कोणालाही विचारा, कायमचा बिघाड परवडला, येतो-जातो तो बिघाड नको. पुढचे पाच-सहा आठवडे आम्ही त्या येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडाच्या मागे लागलो. दुपारी आवाज येतो, म्हणजे ड्रायव्हर बरोबर आहे, कार्ड बरोबर आहे, स्पीकर बरोबर आहे. संध्याकाळी येत नाही, म्हणजे मधल्या वेळात काहीतरी होतं. काय होतं? अभयचं म्हणणं, कार्ड तापतं. मी पेटी उघडी ठेवून समोर टेबलफॅन लावला. दुपारी बाबांनी लिहिलं, "बारा-चाळीस. इलो." संध्याकाळी गप्प. अभयचं दुसरं म्हणणं, साडेचारला चाळीचा पाण्याचा पंप सुरू होतो, त्याने वीज खाली-वर होते. मी पंपाची वेळ टिपली. तिसरं म्हणणं, पेटीतली साऊंडचं आणि आणखी एक अशी दोन कार्डं एकाच तारेवर भांडताहेत, त्यांना वेगळं बसव. मी बसवलं, पुन्हा बांधकाम, पुन्हा सकाळ, पुन्हा वही. "इलो. कालच्यापेक्षा मोठो." एक दिवस तर, "दोन आवाज. उजव्या बाजूक बारीक, डाव्या बाजूक जाडो." अभयने ते वाचलं आणि म्हणाला, "अरे, तुझ्या बाबांचा कान काय आहे! दोन्ही चॅनेल वेगळे ऐकू येताहेत त्यांना. आपल्या कॉलेजात इतकं व्यवस्थित कोणी लिहीत नाही."

हे मी बाबांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ते साडेअकरालाच दाढी करून, धुतलेला शर्ट घालून स्टुलावर बसू लागले. आई मला हळूच म्हणाली, "कामार गेल्यासारखे बसतत रे." गिरणी बंद झाल्यापासून पहिल्यांदा त्यांना कोणी काही काम सांगितलं होतं, आणि काम कानाचं. रात्री जेवताना ते मला विचारायचे, उद्या कुठला बांधतलंस, मधे फॅन ठेवू काय, स्पीकर भिंतीपासून लांब सरकवू काय. पाच-सहा आठवडे आम्ही बोलत होतो. आज हिशेब लावतो तेव्हा वाटतं, लहानपण सोडलं तर बाबांशी माझं सगळ्यात जास्त बोलणं त्याच दिवसांत झालं असेल, आणि तेही एका न वाजणाऱ्या कार्डाबद्दल.

पण माणूस कितीही आनंदात असला तरी संध्याकाळी आवाज येईना तो येईनाच. माझा पारा चढू लागला. एकदा मी बोलून गेलो, "बाबा, नक्की आला होता ना? का आपलं मला बरं वाटावं म्हणून लिहिता?"

त्यांचा घास हातातच राहिला. "मी खोटां बोलतंय?"

"तसं नाही..."

"तीस वर्षा कानावर काडलंय. साच्यातलो तुटलेलो धागो माका ऐकाक यायचो. आणि तू माका विचारतंस, नक्की काय?" त्यांनी ताट सरकवलं. आईने मला डोळ्यांनी गप्प केलं. पण माझा संशय मनात राहिलाच. एखादी गोष्ट आपण खोडून काढली की ती जास्तच बसते.

त्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. अभयला संशय आला की स्पीकरची वायरच आत कुठे तरी तुटली असेल, हलली की लागते आणि हलली की सुटते. "वायर घेऊन ये, मीटर लावून बघू," तो म्हणाला. म्हणून सकाळी मी स्पीकर आणि यंत्र जोडणारी ती वायर दोन्हीकडून उपसली, गुंडाळून दप्तरात टाकली, बांधकाम सुरू केलं आणि निघालो. बाबांना सांगायचं राहून गेलं. कॉलेजात प्रॅक्टिकल रद्द झालं, अभय आलाच नव्हता, मी बाराच्या सुमाराला परत. गॅलरीतून पाय न वाजवता आलो, सवयच ती. दार लोटलेलं होतं.

बाबा स्टुलावर होते, धुतलेला शर्ट, भांग पाडलेला. एका बोटाने अक्षर शोधून दाबत होते, मग वहीत बघत होते, मग पुढचं अक्षर. एंटर दाबलं. मग ते पुढे वाकले, डावा कान स्पीकरजवळ नेला, डोळे मिटले. मी दारातून बघत होतो. खोलीत काहीच वाजत नव्हतं. स्पीकरमागे वायरीची जागा रिकामी होती. बाबांनी हळू मान हलवली, जशी ओळखीचं माणूस भेटल्यावर हलवतात, पेन्सिल उचलली आणि लिहिलं.

मी आत गेलो आणि वाचलं. "बारा-दहा. इलो."

तेव्हा मी काय करायला हवं होतं, याच्यावर मी आयुष्यात बराच विचार केला आहे. वायर दप्तरातच राहू द्यायची, बाहेर जाऊन तासाभराने परत यायचं. शहाण्या मुलाने तेच केलं असतं. मी दप्तरातून वायर ओढून काढली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. "हे बघा! वायर माझ्याकडे आहे! कुठून आला आवाज? सहा आठवडे मला वेड्यासारखं पळवताय!"

त्यांनी वायरीकडे बघितलं. मग स्पीकरच्या मागे हात घालून रिकामी जागा चाचपली. मी ते रागावण्याची वाट बघत होतो. ते रागावले नाहीत. मान जराशी वाकडी करून ते ऐकत राहिले आणि मग अगदी बारीक आवाजात, एखाद्या पोराने विचारावं तसं मला विचारलं, "मगे ह्यो कसलो आवाज?"

"कुठला, बाबा?"

"ह्यो. आता येता तो. सूं-सूं. एकसारखो." त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, छताकडे बघितलं. मग त्यांचा हात वर आला आणि कानावर जाऊन थांबला. "हयसर," ते म्हणाले. माझ्या हातातली वायर खाली पडली ती मी उचललीही नाही.

संध्याकाळी आईला मी सांगितलं तेव्हा ती माझ्यावर हात उगारता उगारता थांबली. "असा दाखवतत काय रे बापाशीक? हातात वायर धरून?" आणि मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "रातचे उठान बसतत. इतकी वर्षा. माका वाटला, काळजीन."

तिच्याच इस्पितळात कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी यंत्रं लावून बघितलं आणि सांगितलं, वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केल्याने आतल्या शिरा झिजल्या आहेत, बारीक आवाज यांना कमी ऐकू येतात आणि नसलेला एक आवाज सतत ऐकू येतो. औषध नाही. बाबांनी त्यांना एकच विचारलं, "म्हणजे सगळ्यांका नाय येत?" डॉक्टर नाही म्हणाले. येताना आम्ही तिघं चालत आलो.  गिरणीच्या बंद फाटकाशी बाबा थांबले आणि म्हणाले, "मी समजत होतंय, गप्प झाला की असोच आवाज येता सगळ्यांका. शांततेचो."

त्या वाक्याने मला जे झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आम्ही इतकी वर्षं त्यांच्यासाठी शांतता राखली. भांडी पाण्यात बुडवली, फोडणी अडवून धरली, मी लहानपणी गोट्या खेळलो त्यासुद्धा गोधडीवर. आणि त्या शांततेतच तो आवाज त्यांना खायला उठायचा. आम्ही जितके गप्प, तितका तो मोठा. भिंतीकडे तोंड करून ते झोपलेले नसायचेच, ते ऐकत पडलेले असायचे. आणि आम्ही एकमेकांना खुणावत होतो, हळू, हळू.

त्यानंतर बाबा कंप्युटरसमोर बसेनात. शर्टाची घडी फळीवर राहिली. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, डॉक्टर म्हणून कोणी हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. मला माफी मागायची होती, पण आमच्या घरात माफी मागायची रीतच नव्हती, शब्दच माहीत नव्हते. मग मला येत होतं ते मी केलं, यंत्रासमोर बसलो. आणि पहिल्यांदा माझं डोकं सरळ चाललं. दुपारी आवाज येत होता, हेच खोटं निघालं म्हणजे आवाज कधीच आलेला नव्हता. मग पंप नको, पंखा नको, पहिल्या पायरीवर जाऊ. ड्रायव्हर बसल्यावर आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा एक कार्यक्रम असतो, त्याला मिक्सर म्हणतात. तो मी कधी उघडलाच नव्हता, कारण दुपारी आवाज येतोय तर पट्ट्या बघायच्या कशाला? उघडला. मुख्य पट्टी पार वरपर्यंत भरलेली आणि तिच्या पायाशी दोन छोटी अक्षरं. मी वहीतून त्यांचा अर्थ शोधला. तोंड बंद ठेवलेलं आहे, एवढाच अर्थ. नवीन ड्रायव्हर सुरुवातीला सगळ्यांची तोंडं बंदच ठेवतो, आपण उघडायची असतात. दुसऱ्या आठवड्यापासून सगळं बरोबर होतं. एक कळ दाबायची होती. मी दाबली, वायर लावली, त्या दोन ओळी टाकल्या.

सूं करून आवाज खोलीभर पसरला. नळ सोडल्यासारखा, एकसारखा. मी दारात गेलो. "बाबा, आला! या ना." ते रस्त्याकडे बघत राहिले. ऐकू गेलं नसेल किंवा गेलं असेल, मला माहीत नाही. आई तेवढ्यात कामावरून आली, पिशवी हातातच. तिने एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं, ओठ दाबले आणि कपाळाला दोन बोटं लावून मला दाखवली. मी खुर्चीच्या पुढे जाऊन बाबांसमोर उभा राहिलो आणि कपाळाला दोन बोटं लावली. साचा आजारी आहे, येऊन बघ.

आयुष्यभराची सवय. ते उठले. आत आले, हात मागे बांधून यंत्रासमोर उभे राहिले, डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.  मग त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी एक कान बोटाने दाबला, सोडला, पुन्हा दाबला. आणि मग त्यांचा उजवा हात पुढे आला, पालथा तळहात, आणि हळू हळू हवेत खाली दाबला गेला. साचा बंद.

 मला वाटलं, यांना हा आवाज ऐकूच येत नाही. "बाबा, चालू आहे," मी मूठ डावी-उजवीकडे हलवून दाखवू लागलो. "चालू आहे, बघा..."

त्यांनी मान हलवली. डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. "तो नाय रे," ते म्हणाले आणि कानाला हात लावला. "ह्यो. आतलो. थांबलो."

बाहेरच्या आवाजाखाली आतला आवाज झाकला जातो, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी वाचायला मिळालं; संध्याकाळी चाळीच्या गलक्यात तो त्यांना ऐकू न येण्याचं कारणही तेच. तेव्हा आम्हा तिघांना काहीच कळत नव्हतं. मी सवयीने बंद करायला हात पुढे नेला तर त्यांनी माझं मनगट धरलं. "रवांदे, झिला. रवांदे." ते तिथेच, कंप्युटरच्या टेबलाशेजारी, जमिनीवर आडवे झाले, उशीही न घेता. भिंतीकडे तोंड न करता. थोड्याच वेळात ते घोरू लागले. मी बाबांना घोरताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आईने पिशवीतली सुकट खाली ठेवली, स्टोव्ह पेटवला, आणि त्या भर आवाजात, बाबा झोपलेले असताना, आमच्या घरात पहिल्यांदा चर्र करून फोडणी पडली.

ते यंत्र पुढे नऊ वर्षं त्याच एका कामाला राहिलं. मी गाणी फारशी ऐकलीच नाहीत. जेवण झालं की बाबा स्वतः त्या दोन ओळी टाकायचे, एका बोटाने, वही न बघता, आणि निजायचे. ते गेले त्या दुपारीही यंत्र चालू होतं. बंद करायला कोणाचा हात होईना, शेवटी आईनेच केलं.

आता मी प्रभादेवीला राहतो. आठव्या मजल्यावर, खिडक्यांना जाड काचा, आत कशाचाच आवाज येत नाही. लिनक्स आजकाल लावलं की कार्ड आपोआप ओळखतं, तोंडं उघडीच असतात, पोरांना हे सगळं सांगितलं तर पटत नाही. तरी कुठलंही नवीन यंत्र घरात आलं की मी पहिल्यांदा त्या दोन ओळी टाकतो. गरज नसते. कधी रविवारी दुपारी जेवण झाल्यावरही टाकतो आणि टेबलाशेजारी जमिनीवर बसून राहतो. परवा बायको आतून येऊन म्हणाली, "काय ती सूं-सूं लावून ठेवली आहेस? बंद कर ना." माझं बोट आपसूक ओठांवर गेलं.

"हळू," मी म्हणालो. "बाबा निजलेत."